गावचे वाचनालय कोण राखणार?
(गोंदियाहून नवेगावबांधपर्यंत)

वाचकहो, गोंदिया जिल्हा पाहायला यायचे तर पाऊस ओसरल्यावर, दसऱ्याच्या सुमारास यावे. रोवणीची धांदल संपलेली असते, कापणीची अजून सुरू व्हायची असते. बांध्यांमध्ये हलका धान पिकायला लागलेला असतो, भारी धान नुकता निसवलेला असतो. तळी काठोकाठ भरलेली असतात. सवडीने हिंडायला आणि दोन गोष्टी बोलायला याहून चांगली वेळ नाही. तुम्ही कोल्हापूरकडचे असा की खानदेशातले, महाराष्ट्राचा हा अगदी पूर्वेकडचा तुकडा तुम्ही बहुधा पाहिला नसेल. म्हणून आज तुम्हाला गोंदियाहून नवेगावबांधपर्यंत न्यायचे आहे. वाटेत धान पाहू, जंगल पाहू, तळे पाहू. आणि जाता जाता अशा एका गोष्टीचा विचार करू, जी तुमच्याही गावात आहे, निदान कधीकाळी होती. ती गोष्ट म्हणजे गावचे वाचनालय.

धानाची पेठ

गोंदिया हे मुंबई–हावडा मार्गावरचे मोठे जंक्शन. इथून उत्तरेला बालाघाट, जबलपूरकडे रूळ जातात आणि दक्षिणेला नागभीडवरून बल्लारशाकडे. हे दोन्ही मार्ग एकेकाळी अरुंद रुळांचे होते. त्या छोट्या गाड्यांच्या आठवणी इकडची म्हातारी माणसे अजून सांगतात. आता दोन्हीकडे मोठी लाइन झाली आहे. गोंदिया हे नाव गोंदावरून, म्हणजे जंगलातून गोळा होणाऱ्या डिंकावरून पडले असे सांगतात. आज मात्र इथली ओळख धानाची. स्टेशनातून बाहेर पडून थोडे पुढे गेले की धान गिरण्या दिसू लागतात.

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा काढून हा जिल्हा झाला. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव असे आठ तालुके. एका अंगाला मध्यप्रदेश, दुसऱ्या अंगाला छत्तीसगड. त्यामुळे इथल्या एकाच बाजारात झाडीबोली, पोवारी, गोंडी, छत्तीसगडी आणि हिंदी अशा पाचही भाषा कानावर येतात. घरी पोवारी किंवा गोंडी बोलणारे पोर मराठी शाळेत जाते आणि बाजारात हिंदी बोलते. अशा मुलखात मराठी पुस्तकाची मुलाशी गाठ पडते ती दोनच ठिकाणी. एक शाळेत आणि दुसरी वाचनालयात. शाळेची पुस्तके परीक्षेपुरती असतात. आवडीने वाचायचे पुस्तक मिळण्याची जागा म्हणजे वाचनालय. ते बंद पडले तर त्या मुलापुरती मराठी भाषा दहावीच्या गुणपत्रिकेवर येऊन थांबते.

आता कोणी विचारील, गावात किंवा शहरात वाचनालय चालवणे हे काम कोणाचे? प्रश्न साधा आहे, पण उत्तर जरा गुंत्याचे आहे. नगरपरिषदांच्या १९६५ च्या कायद्यात ग्रंथालय हे ऐच्छिक कामांमध्ये धरले आहे. नळ, गटार, दिवाबत्ती, झाडलोट ही करावीच लागणारी कामे; वाचनालय हे करता आले तर करायचे काम. ग्रामपंचायतीच्या १९५८ च्या कायद्यातही ग्रामपंचायतीच्या कामांच्या यादीत ग्रंथालये आणि वाचनालये आहेत, परंतु यादी लांब आहे आणि पंचायतीच्या तिजोरीची लांबी तुम्हाला ठाऊकच आहे. घरात पैसा कमी पडला की आधी काय कमी होते? तेल-मीठ कमी होत नाही, वर्तमानपत्र बंद होते. पंचायतीचे आणि नगरपरिषदेचेही तसेच आहे.

दोन हजार रुपये महिना

महाराष्ट्रातली बहुतेक सार्वजनिक वाचनालये सरकार चालवत नाही, नगरपालिकाही चालवत नाही. ती लोकांनी स्थापन केलेल्या संस्था चालवतात. आपल्याकडची ही जुनी रीत. रत्नागिरीला १८२८ साली वाचनालय निघाले, तेव्हापासून गावोगावच्या जाणत्या मंडळींनी वर्गणी काढून वाचनालये उभी केली. पुढे महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली झाला आणि या संस्थांना सरकारी अनुदानाची वाट मिळाली. वाचनालयांचे अ, ब, क आणि ड असे चार वर्ग ठरले. पुस्तके किती, सभासद किती, वर्तमानपत्रे किती यावरून वर्ग ठरतो आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळते. अशी मान्यताप्राप्त वाचनालये राज्यात अकरा हजारांच्या घरात आहेत. खेड्यातले वाचनालय बहुधा क किंवा ड वर्गातले असते.

आता हिशेब करू. आपण शेतकरी माणसे, हिशेबाला भीत नाही. ड वर्गाच्या वाचनालयाला २०१२ पासून वर्षाला ३०,००० रुपये मिळत होते. त्यातली साधारण निम्मी रक्कम पगारावर आणि निम्मी पुस्तके, वर्तमानपत्रे, वीज, भाडे अशा बाकीच्या खर्चावर घालायची. म्हणजे पगाराला १५,००० रुपये, महिन्याला १,२५०. हा दर दहा वर्षे हलला नाही. या दहा वर्षांत खताच्या पोत्याचा आणि रोवणीच्या मजुरीचा भाव कुठून कुठे गेला ते तुम्हाला कोणी सांगायला नको. शेवटी २०२२ साली सरकारने अनुदान ६० टक्क्यांनी वाढवले आणि ड वर्गाची रक्कम ४८,००० झाली. पगाराला २४,०००, म्हणजे महिन्याला दोन हजार रुपये. गावच्या ग्रंथपालाने दररोज कुलूप उघडायचे, झाडायचे, पुस्तकांची नोंद ठेवायची, वहीत सह्या घ्यायच्या, वर्षाचा अहवाल तयार करायचा, आणि महिन्याला दोन हजार घ्यायचे. तेही दरमहा हातात पडत नाहीत. अनुदान हप्त्यांनी येते आणि हप्ता लांबला की पगारही लांबतो. धानाचे चुकारे लांबल्यावर आपल्या घरात काय होते ते आठवा, म्हणजे त्या माणसाच्या घरचे चित्र डोळ्यांपुढे येईल.

नागपूरला हिवाळी अधिवेशन भरते तेव्हा ग्रंथालय कर्मचाऱ्यांनी मोर्चे काढले, धरणे धरले, ते याच कारणासाठी. त्यांच्या मागण्या दोनच होत्या, अनुदान वाढवा आणि पगाराला काही बूड द्या. वर्तमानपत्रात अशा मोर्चाची बातमी आतल्या पानावर चार ओळींची येते. आपण ती वाचून पान उलटतो.

एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. मे २०१२ मध्ये महसूल खात्यामार्फत राज्यातल्या सगळ्या वाचनालयांची पडताळणी झाली. काही वाचनालये नुसती कागदावर होती, काहींना कुलूप होते, काहींच्या वह्यांत सभासद होते पण कपाटात पुस्तके नव्हती. त्यानंतर नव्या वाचनालयांना मान्यता देणे आणि जुन्यांना वरचा वर्ग देणे कित्येक वर्षे थांबले. लबाडांच्या पापाची फळे प्रामाणिक वाचनालयांनीही भोगली. जे वाचनालय ड वर्गात होते आणि पुस्तके, सभासद वाढवून क वर्गात जाऊ पाहत होते, ते तिथेच राहिले. इथे आपलाही दोष आहे. वाचनालय नुसते कागदावर आहे हे गावाला आधीपासून ठाऊक असते. पण गाव विचारत नाही.

कोहमाऱ्याचा फाटा

गोंदियाहून एसटी सुटली की गोरेगावला येते आणि पुढे कोहमाऱ्याला मुंबई–कोलकाता हमरस्ता लागतो. जवळच सडक अर्जुनी. या जिल्ह्यात अर्जुनी दोन. सडकेवरची ती सडक अर्जुनी आणि मोरगावजवळची ती अर्जुनी मोरगाव. हमरस्ता ओलांडून गाडी दक्षिणेकडे वळली की जंगल जवळ येते. मार्च-एप्रिलात आलात तर पहाटे मोह वेचणाऱ्या बाया दिसतील, मे महिन्यात तेंदूपत्त्याचे पुडे बांधणारी कुटुंबे. आता मात्र दोन्ही बाजूंना धान आणि धानाच्या पलीकडे तळी.

या वाटेवर ठिकठिकाणी गावे आहेत आणि तिथल्या पोरी-पोरांच्या हातात स्पर्धा परीक्षेची पुस्तके दिसतात. पोलीस भरती, तलाठी भरती, लोकसेवा आयोग. शेती दीड-दोन एकर, भावंडे तीन. घरातल्या एकाने तरी नोकरी धरावी ही आईबापांची इच्छा. ज्याला परवडते तो मुलाला नागपूरला खोली करून देतो. मुलीला पाठवायचे तर घर दहादा विचार करते. गावात वाचनालय असेल, त्यात एक टेबल, एक दिवा, एक पंखा आणि रोजचे वर्तमानपत्र असेल, तर त्या मुलीला गावातच अभ्यास करता येतो. नागपूरच्या खोलीचे एका महिन्याचे भाडे आणि गावच्या ग्रंथपालाचा एका महिन्याचा पगार यांची तुलना करून पाहा. वाचनालय म्हणजे म्हाताऱ्यांची वेळ घालवायची जागा असे मानणाऱ्यांनी हा हिशेब जरूर करावा.

वेळ घालवणारे म्हातारेही काही वाईट करत नाहीत. धानाचा हमीभाव किती, खरेदी केंद्र कधी उघडणार, पीक विम्याची मुदत कधीपर्यंत, हे वर्तमानपत्रातून वाचून पारावर सांगणारा म्हातारा गावाचे कामच करत असतो. मोबाइलवर सगळे मिळते असे आता म्हणतात. मिळते खरे, पण त्यात खरे कोणते आणि उठवलेले कोणते हे निवडायला वाचनाचा सराव लागतो. तो सराव पुस्तकाने होतो.

नवेगावचे तळे

आता नवेगावबांध. टेकड्यांच्या कुशीत एवढे मोठे तळे, की पलीकडचा काठ धुक्यात हरवावा. लोक या टेकड्यांना सात बहिणी म्हणतात. हे तळे अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधले असे सांगतात. टेकडीवर कोलासूर देवाचे ठाणे आहे आणि लोक त्याला कोलू पाटलाचेच रूप मानतात. तळे बांधणारा माणूस गावाने देव करून ठेवला. शेतकऱ्याला पाण्याची किंमत कळते ती अशी.

१९७५ मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१३ मध्ये नवेगाव–नागझिरा व्याघ्र प्रकल्प. हिवाळ्यात तळ्यावर दूरदूरची बदके उतरतात. गोंदिया जिल्ह्याची आणखी एक शान म्हणजे सारस पक्षी. महाराष्ट्रात सारस उरला तो मुख्यतः इथल्या धानाच्या बांध्यांमध्ये. तो बांधीतच घरटे करतो आणि घरट्याभोवतीचा धान न कापता राखणारे शेतकरी या जिल्ह्यात आहेत.

मारुती चितमपल्ली हे सोलापूरचे. वनखात्याच्या नोकरीत ते इथे राहिले, हिंडले, गावच्या माणसांकडून पक्ष्यांची आणि झाडांची नावे शिकले. नवेगावचे माधवराव पाटील डोंगरवार यांची त्यांना मोठी सोबत होती. ‘नवेगावबांधचे दिवस’ हे त्यांचे पुस्तक याच गावावरचे. २००६ साली सोलापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जून महिन्यात ते गेले. सांगायचा मुद्दा हा, की या गावच्या लोकांकडे असलेले ज्ञान पुस्तकात गेले आणि मराठी वाचणाऱ्या घराघरात पोचले. आता ते पुस्तक गावच्या पोराला गावातच वाचायला मिळायचे तर तिथे वाचनालय हवे. नाहीतर आपल्या आजोबांचे शहाणपण आपल्याच नातवाला विकत घ्यावे लागायचे.

ही गोष्ट सरकारच्याही ध्यानात आली असावी. सातारा जिल्ह्यातले स्ट्रॉबेरी पिकवणारे भिलार ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचे गाव’ झाले, हे तुम्ही ऐकले असेल. गावातल्या पंचवीस ठिकाणी, कोणाच्या घरी, कोणाच्या ओसरीवर, देवळात, शाळेत सुमारे १५ हजार पुस्तके मांडली गेली. पुढे ही योजना आणखी गावांत न्यायचे ठरले तेव्हा वेरूळ, पोंभुर्ले, अंकलखोप यांच्याबरोबर नवेगावबांधचीही निवड झाली. अभिमानाची गोष्ट आहे. परंतु निवड झाल्याने पुस्तके येतात, वाचक येत नाहीत. वाचक गावालाच आणावे लागतात.

गाळ

तळ्याच्या पाळीवर उभे राहून आणखी एक गोष्ट पाहा. या चार पूर्व जिल्ह्यांत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीत, सहा हजारांहून अधिक जुनी मालगुजारी तळी आहेत. आपण त्यांना मामा तलाव म्हणतो, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. मालगुजारी होती तोवर मालगुजार आणि गाव मिळून पाळ बांधत, गाळ काढत, पाण्याच्या पाळ्या लावत. १९५१ मध्ये मालगुजारी संपली. ती संपली हे बरेच झाले, पण तळी सरकारच्या आणि पुढे जिल्हा परिषदेच्या खाती गेली आणि गावाला वाटले, आता हे आपले काम नव्हे. तळे मोडा असा हुकूम कोणी काढला नाही. पाळ कोणी फोडली नाही. दर पावसाळ्यात थोडा थोडा गाळ येत राहिला. एका वर्षी कळले नाही, पाच वर्षांत कळले नाही, वीस वर्षांनी टेलच्या बांधीला पाणी पोचेना तेव्हा कळले.

वाचनालयाचेही असेच होते. आपल्याकडे वाचनालय बंद करा असा हुकूम सहसा निघत नाही. अनुदानाचा हप्ता लांबतो. ग्रंथपाल कंटाळून रोवणीच्या मजुरीला जातो. सकाळ-संध्याकाळ उघडणारे दार एकदाच उघडू लागते, मग आठवड्यातून दोनदा. नवी पुस्तके येत नाहीत म्हणून वाचक येत नाहीत. वाचक येत नाहीत म्हणून पंचायत म्हणते, खोली रिकामीच आहे, तिथे सिमेंटची पोती ठेवू. एक दिवस तपासणीला साहेब येतात, सभासद कमी भरतात आणि मान्यता जाते. कोणी विचारले तर कोणाचाच दोष नसतो.

परदेशात हीच गोष्ट उघडपणे घडते. इंग्लंडमध्ये वाचनालये तिथल्या कौन्सिली चालवतात आणि १९६४ च्या कायद्याने ते त्यांचे बंधनकारक काम आहे. २०१० नंतर तिथल्या सरकारने खर्चात मोठी काटछाट केली आणि कौन्सिलींनी वाचनालयांच्या बंदीच्या याद्याच लावल्या. यादी लागली म्हणून लोकांना निदान कळले. स्टोनी स्ट्रॅटफर्ड नावाच्या एका लहान गावाने जानेवारी २०११ मध्ये काय केले ते ऐका. तिथे एका सभासदाला एका वेळी पंधरा पुस्तके नेता येत. गावकऱ्यांनी ठरवले, प्रत्येकाने आपली पंधराच्या पंधरा पुस्तके घरी न्यायची. म्हातारे आले, पोरे आली, बाया आल्या. आठवड्याभरात सुमारे १६ हजार पुस्तके लोकांच्या घरी गेली आणि कपाटे मोकळी झाली. ना दगड, ना घोषणा. मोकळी कपाटे पाहून कौन्सिलला कळले की हे वाचनालय वापरात आहे. ते वाचनालय बंद झाले नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात ग्लॉस्टरशायर आणि सॉमरसेट या दोन परगण्यांतला वाचनालये कमी करण्याचा निर्णय उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवला, कारण दुबळ्या आणि अडचणीतल्या लोकांवर काय परिणाम होईल याचा कौन्सिलींनी नीट विचारच केला नव्हता.

तिथे कायद्याचा आधार होता आणि भांडायला समोर माणूस होता. आपल्याकडे समोर कोणीच नसते, नुसता गाळ असतो. म्हणून आपली लढाई वेगळ्या तऱ्हेची आहे.

आधी हे झाले आहे

हे कसे करावे याचे धडे घ्यायला फार लांब जायला नको. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा शेतकऱ्याच्या घरातला एक मुलगा १८७५ मध्ये बडोद्याला दत्तक गेला आणि सयाजीराव महाराज झाला. त्यांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावले आणि संस्थानभर वाचनालयांचे जाळे विणले. खेड्यातल्या वाचनालयाच्या खर्चाची वाटणी अशी होती: एक भाग गावाने वर्गणीतून काढायचा, तेवढाच पंचायतीने घालायचा, तेवढाच संस्थानाने. गावाने आपला भाग घातल्याशिवाय दुसरे दोन यायचे नाहीत. त्यामुळे वाचनालय आपले आहे हे गावाला कोणी समजावून सांगावे लागले नाही. जिथे वाचनालय नव्हते तिथे लाकडी पेट्यांतून पुस्तके फिरत.

तिकडे दक्षिणेत एस. आर. रंगनाथन नावाचे मोठे ग्रंथपाल होते. पुस्तक हे जपून ठेवण्यासाठी नसून वापरण्यासाठी आहे, हा त्यांच्या पाच नियमांतला पहिला नियम. ते पुस्तक निघाले १९३१ मध्ये. त्याच वर्षी तंजावरकडच्या मन्नारगुडी भागात बैलगाडीवरचे वाचनालय सुरू झाले. गाडीत पुस्तके भरायची आणि बैल जुंपून गावोगाव न्यायची. बैलगाडीतून धान गेला, बियाणे गेले, वऱ्हाड गेले, पुस्तकेही गेली.

तामिळनाडू, कर्नाटक, केरळ या राज्यांत घरपट्टीवर ग्रंथालयासाठी थोडा उपकर घेतात. आपल्या १९६७ च्या कायद्यात तसा उपकर नाही. म्हणून आपली वाचनालये अनुदानाच्या तोंडाकडे पाहत बसतात. यात बदल व्हावा असे मागता येईल, मागावेही. पण तोवर काय?

तोवर आपल्या हाताशी आहे ते

पहिले, सभासद व्हा. घरात पाच माणसे असतील तर निदान दोघांची नावे घाला, त्यातले एक नाव घरातल्या बाईचे किंवा मुलीचे असू द्या. वाचनालयाचा वर्ग सभासदांवर आणि पुस्तकांवर ठरतो. तुमचे नाव नुसते नाव नाही, वाचनालयाच्या पाळीवरची ती एक पाटी माती आहे.

दुसरे, वहीत सही करा. वर्तमानपत्र वाचायला गेलात तरी सही करा, पुस्तक नेले तर नोंद करायला सांगा. तपासणीला येणारा अधिकारी वही पाहतो. स्टोनी स्ट्रॅटफर्डच्या लोकांनी कपाटे मोकळी करून जे दाखवले, ते आपल्याला वहीवर दाखवायचे आहे.

तिसरे, ग्रामसभेला जा आणि वाचनालयाचा विषय घ्यायला लावा. खोली, वीज, दुरुस्ती यांची तरतूद ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात घाला असा ठराव मांडा. ठराव लेखी घ्या. नुसते बोलून झालेले काम पुढच्या सरपंचापर्यंत पोचत नाही.

चौथे, हिशेब मागा. ही बहुतेक वाचनालये नोंदलेल्या संस्था असतात. त्यांची वार्षिक सभा होते, जमाखर्च होतो. सभासद म्हणून तो पाहायचा तुम्हाला हक्क आहे. हिशेब चोख असला तर जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याकडे दोन पावले ताठ मानेने जाता येते. कोलकात्याला १९७२ पासून राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान आहे. ते सार्वजनिक वाचनालयांना पुस्तकांची मदत करते. अशा मदतीला पात्र व्हायचे तरी कागद नीट लागतात.

पाचवे, वर्गणी. दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दंडार होते, रात्रभर नाटक होते, पाहुण्यांनी घरे भरतात. त्यासाठी गाव पैसा उभा करते आणि खुशीने करते. त्याच मंडईत वाचनालयाची एक पेटी ठेवा. दर घरामागे पायलीभर धान म्हटले तरी वर्षाची वर्तमानपत्रे निघतील. तुमच्याकडे मंडई नसेल तर जत्रा असेल, उरूस असेल, हरिनाम सप्ताह असेल.

आणि सहावे, ग्रंथपालाला मान द्या. महिन्याला दोन हजारांत गावासाठी कुलूप उघडणारा माणूस गावात दुसरा नाही. त्याच्या पगाराचा मोर्चा नागपूरला गेला तर गावाचे एक पत्र त्याच्या खिशात असू द्या, सरपंचाच्या आणि सभासदांच्या सह्यांचे. मोर्चातल्या घोषणेपेक्षा असे पत्र वर बसलेल्या माणसाला जास्त वेळ विचार करायला लावते.

कोणी म्हणेल, धानाला भाव नाही, पाणी नाही, तिथे वाचनालयाचे काय घेऊन बसलात? वाचकहो, धानाला भाव मागायचा तरी अर्ज लिहावा लागतो. सातबारा वाचावा लागतो, विम्याच्या कागदावरचे बारीक अक्षर वाचावे लागते, खरेदी केंद्राची पावती तपासावी लागते. ज्या गावाला वाचता येते त्या गावाला फसवणे कठीण जाते, आणि हे फसवणाऱ्याला आपल्यापेक्षा आधी कळते.

नवेगावच्या तळ्यातला आणि मामा तलावांतला गाळ काढायचा तर उन्हाळ्यात तळे आटावे लागते, यंत्र आणावे लागते. वाचनालयाचा गाळ काढायला तेवढे लागत नाही. आज संध्याकाळी गुरांचे झाले, दिवेलागण झाली, की आपल्या गावच्या वाचनालयावरून एक चक्कर मारा. दार उघडे असेल तर आत जा, सही करा आणि एक पुस्तक घरी आणा. दार बंद असेल तर किल्ली कोणाकडे आहे ते विचारा.